फुटल्यानंतरची खूण

"मशीन गुरुवारी येतेय," असं म्हणत बबनराव डुंबरे ऐरणीवर बसले.

लोहाराच्या ऐरणीवर कुणी बसत नाही. चांगदेव पोपळघटांच्या वडिलांनी तर एकदा एका फौजदाराला तिथून उठवलं होतं. पण गेल्या उसाच्या हंगामापासून बबनराव आले की ऐरणीवरच बसत, आणि चांगदेव हातातल्या कामाकडे बघत राहत.

"कसली मशीन?" त्यांनी विचारलं. ठाऊक असूनही विचारलं.

"कणवाचक. जिल्ह्यातल्या झाडून सगळ्या आखूड रायफली वाचणार म्हणे. अन् श्रीगणेशा कुठनं, तर फुटलेलीपासनं. वैजीनं अर्ज टाकलाय."

"सप्ताह चालू असताना?"

"सरकारला सप्ताह कळतो व्हय? काल्याच्या आदल्या दिवशी येत्यात." बबनरावांनी भट्टीकडे पाहिलं. "भट्टी चालू हाय ना तुझी, चांगा?"

"चालूच असते."

"मग झालं तर." ते उठले, धोतर झटकलं. "टाळ घेऊन लवकर ये सांजच्याला. बुवांची चाल नवी हाय, तुझा ठेका चुकतोय आताशा."

हिवरठाण हे कालव्यावरचं गाव, आणि साल दोन हजार त्रेचाळीस. ऊस इतका माजला होता की गावात ऊस आहे की उसात गाव, हे वरून उडणाऱ्या ड्रोनलाही सांगता येऊ नये. बिबटे उसात जन्मत आणि उसातच म्हातारे होत. डोंगर कसा असतो हे त्यांना माहीतच नव्हतं. ड्रोनच्या उष्णता ओळखणाऱ्या डोळ्यालाही ते सरावले होते. ओल्या पाचटाखाली अंग दाबून पडत, आणि ड्रोन वरून निघून जाई. म्हणून सरकारनं गावोगाव बिबट पथकं नेमली. पिंजऱ्यात न येणाऱ्या, माणसाला चटावलेल्या जनावरावर गोळी झाडायची परवानगी त्यांना होती. पण लांब नळीची रायफल उसात वळत नाही. पानात गुंतते, सरीत अडकते, आणि तेवढ्यात जनावर अंगावर येतं. म्हणून आखूड नळी हवी.

आता आखूड नळी उसात जितकी सोयीची, तितकीच बाजारात घातकी, सदऱ्याखाली लपते. त्यामुळे तिचा कायदा कडक. चांगदेव तो चार पायऱ्यांत सांगत: आधी कागद, मग खूण, मग करवत, मग चाचणी. म्हणजे आधी अर्ज करायचा, कुणासाठी आणि कशासाठी ते लिहायचं. मंजुरीबरोबर क्रमांक येतो. तो क्रमांक, करणाऱ्याचं नाव, गाव आणि साल रायफलीच्या अंगावर ठशांनी ठोकायचं. अंगावर, म्हणजे काडतूस बसतं त्या मधल्या भागावर, नळीवर नव्हे. नळी बदलता येते, दस्ता बदलता येतो. कायद्याच्या लेखी खूण असलेला तुकडा म्हणजेच बंदूक. खूण बसल्यावर नळीला करवत लावायची, आणि शेवटी जादा दारूचं काडतूस झाडून ती दम धरते का हे पाहायचं. दम धरला तरच ती माणसाच्या हातात द्यायची.

पाच तालुक्यांत हा परवाना एकट्या चांगदेवांकडे होता. त्यांचे ठसे बघायला लोक येत. अक्षरं अशी सरळ, जणू पोथीची ओळ.

गेल्या हंगामात ऊसतोडीच्या टोळीतलं एक लेकरू बिबट्यानं पालातून उचललं. दुसऱ्या दिवशी बबनराव चांगदेवांच्या बंदुकीच्या कारखान्यात आले. पथकाचे प्रमुख तेच, सप्ताहाचे चालकही तेच, आणि लहानपणापासून चांगदेवांच्या शेजारी टाळ धरून उभे राहणारेही तेच.

"कागद मागनं येईल रं," ते म्हणाले. "बिबट्या काय कागद बघून येतो?"

चांगदेवांनी करवत घेतली. परवाना मिळाल्यापासून कागदाआधी करवत त्यांनी कधी हातात घेतली नव्हती. घाईत नळी आखूड केली, टोकावर नेम धरायची माशी जाळ देऊन बसवली, आणि राखेत सावकाश निवू द्यायची ती पाण्यात बुडवून निववली. लोखंड तिथं ठिसूळ झालं. चाचणी केली असती तर ते कारखान्यातच कळलं असतं.

रायफल न्यायला वैजयंता भांगरे आली. पथकातली सगळ्यात चांगली नेमबाज. सत्तावीस वर्षांची, बोलायला फटकळ, हसायला मोकळी.

"चाचणी झाली ना, चांगाबाबा?"

"झाली समज," चांगदेव म्हणाले आणि स्वतःच्या हातानं रायफल तिच्या हातात दिली.

उसात तिनं पहिलीच गोळी झाडली आणि केळफूल उमलावं तसं नळीचं टोक उमललं. आखूड नळीला डावा हात टोकाजवळच असतो. तिची तीन बोटं गेली. बिबट्याही गेला, निसटून.

पंचनाम्याआधी बबनराव फुटकी रायफल पोत्यात घालून कारखान्यात घेऊन आले. योगायोग असा की मंजुरी त्याच सकाळी फोनवर आली होती. वैजयंताच्या रक्तानं चिकट झालेलं ते अंग चांगदेवांनी पुसलं, शेगड्याच्या जबड्यात आवळलं आणि त्यावर क्रमांक, नाव, गाव, साल असं सगळं ठोकलं. अक्षरं नेहमीसारखीच सरळ आली. याचंच त्यांना पुढं फार वाईट वाटत राहिलं. हात थरथरला असता तर बरं झालं असतं.

गावापुढं चौकशी झाली तेव्हा वैजयंता दवाखान्यात होती. बबनराव म्हणाले, "मंजुरी आली, खूण केली, नळी कापली, बंदूक चाचणीला ठेवली. पोरगी घाईची. न विचारता उचलून नेली." अधिकाऱ्यानं विचारलं, "असंच ना, पोपळघट?"

चांगदेवांनी मान हलवली. तोंडानं एक शब्दही बोलले नाहीत. जे काही केलं ते मानेनं.

वैजयंताला पथकातून काढलं. चौकशी मिटली आणि फुटकी रायफल जपणुकीसाठी परवानाधारकाकडेच आली, कारण नियम तसा आहे. चांगदेवांच्या लोखंडी कपाटात ती तेव्हापासून उभी होती.

इथे थोडं शास्त्र सांगायला हवं.

पोलाद वरून एकसंध दिसतं, पण आतून ते बारीक कणांचं असतं. मळलेल्या कणकेत बोट खुपसलं की वर खड्डा पडतो आणि खालची कणीकही दाबली जाते. ठसा ठोकला की पोलादाचं तसंच होतं. वरचा आकडा कानशीनं घासून काढला तरी खालचे दबलेले कण राहतात, आणि त्यांच्यावरून आकडा परत वाचता येतो. हे फार जुनं ज्ञान. नवा शोध लागला तो वेगळाच. मोठा धक्का बसला, म्हणजे समजा नळी फुटली, तर त्या धक्क्याची लाट सबंध पोलादातून जाते आणि प्रत्येक कणावर आपली बारीक रेघ सोडते. ठसा आधीचा असेल तर लाटेची रेघ त्याच्यावरून गेलेली दिसते. ठसा नंतरचा असेल तर त्यानं ती रेघ मोडलेली असते. नांगरलेल्या रानात बैलगाडीची चाकोरी दिसली की आधी नांगर फिरला की आधी गाडी गेली, हे कुणीही शेतकरी सांगेल. कणवाचक हेच काम पोलादाच्या पोटात चुंबकानं करतो. काय घडलं एवढंच नव्हे, तर कशानंतर काय घडलं, हे लोखंड सांगू लागलं.

फक्त एक पळवाट होती. पोलाद लाल होईतो तापवून राखेत हळूहळू निवू दिलं, तर कण नव्यानं जन्मतात. मग त्यांना काही आठवत नाही. ना ठसा, ना धक्का, ना त्यांचा क्रम. वरचा आकडा दिसत राहतो, पण त्याच्या खाली आठवण नसते.

बबनराव मशीनचं सांगून गेले त्या संध्याकाळी सप्ताहाला आलेल्या शारंगधर बुवांचं कीर्तन रंगलं. देहू-आळंदीकडून शिकून आलेले, आवाज भरडा पण मायेचा. निरूपणात म्हणाले, "माउली, नाम म्हणजे आग आहे. तुमचं पाप केवढं, तर गंजीएवढं. ठिणगी केवढी, तर मोहरीएवढी. गंजी मोठी म्हणून ठिणगी लाजते का?" लोक हसले, टाळ्या झाल्या. टाळकऱ्यांत उभ्या चांगदेवांच्या डोळ्यांना धारा लागल्या. पापी माणसाला कीर्तनात आपल्या सोयीचं तेवढंच ऐकू येतं, हे त्यांना तेव्हा सुचलं नाही. आग एवढाच शब्द ते घरी घेऊन गेले.

सकाळी त्यांनी भट्टीचा पंखा लावला. रायफलीचं अंग सोडवून निखाऱ्यात ठेवलं. ते काळं होतं, मग तांबूस झालं, मग जास्वंदीसारखं लाल. चांगदेव सबंध वेळ नामस्मरण करत होते. सवयीनं होत होतं ते. मध्येच त्यांच्या लक्षात आलं की आपण देवाचं नाव घेत घेत एका पोरीचा पुरावा जाळतोय. ओठ थांबले. पंखा बंद करायला हात गेला आणि अर्ध्यातून परत आला. मग त्यांनी चिमट्यानं ते अंग उचललं आणि राखेत पुरलं. निवल्यावर वरचा काळा रंग पुन्हा चढवला, बंदूक जोडली, कपाटात ठेवली. काम उत्तम झालं होतं.

सप्ताहात वीणा खाली ठेवत नाहीत. सात दिवस ती कुणाच्या ना कुणाच्या गळ्यात असते, एकाच्या गळ्यातून थेट दुसऱ्याच्या. घेणारा देणाऱ्याच्या पाया पडतो, देणारा घेणाऱ्याच्या. वय, जात, हुद्दा काही पाहिलं जात नाही. ज्याच्या गळ्यात वीणा त्याला नमस्कार. बुधवारी दुपारचा पहारा चांगदेवांचा होता. मंडपात चार म्हाताऱ्या जपमाळ ओढत बसल्या होत्या. पहारा संपत आला आणि पुढचा वीणेकरी म्हणून वैजयंता आली.

अपघातानंतर ती सप्ताहाला पहिल्यांदाच येत होती. डोक्यावर पदर, डावा हात पदराखाली. समोर आली, वाकली, आणि तिनं चांगदेवांच्या पायांवर डोकं ठेवलं.

चांगदेवांना मागं सरता येईना. वीणा गळ्यात होती.

ती उठली आणि हळूच म्हणाली, "वीणा आहे म्हणून पाया पडले, बाबा. गैरसमज नको."

"नाही," चांगदेव म्हणाले.

"उद्या मशीन येतेय."

"कळलं."

"मी रागानं अर्ज नाही केला. लोकं मला चोर म्हणत्यात. बंदूक चोरून नेणारी. बोटांचं काय, बोटं उसात गेली. हे मात्र रोज घरी येतं." तिनं हात पुढं केले. "द्या."

त्यांनी वीणेचा पट्टा तिच्या गळ्यात घातला. वीणेची दांडी डाव्या हातानं सावरावी लागते. तिच्या हाताला अंगठा आणि करंगळी तेवढी उरली होती. दांडी घसरली. चांगदेवांनी झटकन धरली.

"सोडा," वैजयंता म्हणाली.

"खाली टेकेल."

"नाही टेकणार. सोडा म्हणते ना." तिनं दांडी कोपराच्या खोबणीत घेतली, दातांनी पदराचं टोक धरून हाताभोवती फास आवळला आणि उजव्या हातानं तार छेडली. सूर लागला. एक म्हातारी जपमाळ थांबवून बघत होती. तिनं मान डोलावली आणि पुन्हा मणी ओढायला लागली.

आता चांगदेवांनी पाया पडायचं होतं. ते वाकले, आणि तिच्या पायांशी इतका वेळ राहिले की शेवटी तीच म्हणाली, "उठा, बाबा. लोकं बघत्यात."

गुरुवारी कारखान्यात सातपुते मॅडम आल्या. शस्त्र परीक्षक, पुण्याच्या. कणवाचक दिसायला कपड्यांच्या इस्त्रीएवढा. बबनराव ऐरणीवर, वैजयंता दाराच्या चौकटीला टेकून, चांगदेव कपाटाची किल्ली हातात घेऊन.

मॅडमनी यंत्र रायफलीच्या अंगावर फिरवलं. पडद्याकडे पाहिलं. पुन्हा फिरवलं.

"कोरी आहे," त्या म्हणाल्या.

"कोरी म्हंजी?" वैजयंतानं विचारलं.

"म्हणजे आत काहीच नाही. आकडा दिसतोय, पण आकड्याखाली दाब नाही. स्फोटाची लाट नाही. भट्टीत गेल्यासारखी." त्यांनी चांगदेवांकडे पाहिलं. "इथे आग वगैरे लागली होती?"

"फुटली तवाच तापली आसंल," बबनराव म्हणाले. "केवढा आवाज झाला होता."

"फुटण्यानं एवढी तापत नाही, काका. पण कधी तापली हे यंत्र सांगू शकत नाही." त्यांनी सुस्कारा सोडला. "निष्कर्ष नाही, असं लिहावं लागेल. मग आधीचा निर्णय कायम राहतो."

"म्हणजे मीच चोरली," वैजयंता म्हणाली. तिचा आवाज चढला नाही. दुकानात हवी ती वस्तू संपली असं कळल्यावर माणूस बोलतं, तसं ती बोलली आणि जायला वळली.

चांगदेव सुटले होते. लोखंड विसरलं होतं, बबनराव बोलणार नव्हते, मॅडम कागद आवरत होत्या. आता हे सांगू शकणारे जगात फक्त तेच उरले होते.

"मी भाजली," ते म्हणाले.

"चांगा," बबनराव उठले. "सप्ताहात जागरण झालंय त्याला, मॅडम."

"परवा भाजली. खूण नळी फुटल्यावर मारली होती, म्हणून. नळी कागदाआधी कापली. चाचणी केली नाही. तिनं चोरली नाही, मी माझ्या हातानं दिली. तिनं विचारलं होतं चाचणीचं. मी म्हणालो, झाली समज."

बबनराव म्हणाले, "पोरीनं भरीला घातलंय म्हाताऱ्याला. काल मंडपात पायावर पडली होती, चार बायांनी बघितलंय."

सातपुते मॅडमनी आवरलेले कागद पुन्हा बाहेर काढले. म्हणाल्या, "पोपळघट, मी जबाब घेते. पुरावा नष्ट केल्याचा गुन्हा तुमच्यावर लागेल. कपाट तुमचं, किल्ली तुमची. परवाना आजपासून बंद. पण खूण आधी की स्फोट आधी, हे आता कुणीच सिद्ध करू शकणार नाही. ते करणारी एकच साक्षीदार होती, ती तुम्ही मारलीत. यांना मिळालाच तर संशयाचा फायदा मिळेल."

वैजयंता दारातच थांबलेली होती. मॅडमची गाडी गेली, बबनराव धोतर झटकून गेले, तरी ती तिथंच.

"संशयाचा फायदा," ती म्हणाली. "म्हणजे नेली नसंल, पण नेलीबी आसंल."

"चुकलो, पोरी."

"मला तुमचं चुकलो नको होतं. मला मशीननं सांगायला हवं होतं. मशीनचं कुणी सोयरं नसतं, तिचं लोकांनी ऐकलं असतं. तुमचं ऐकून लोकं काय म्हणणार? म्हातारा दयाळू, पोरीला वाचवतोय." ती हसली, पण ते हसू तिच्या जुन्या हसण्यासारखं नव्हतं. "बघा, यातबी तुम्हीच चांगले."

भट्टी विझलेली होती. चांगदेवांनी विचारलं, "काय करू?"

"मला काय विचारता? माझं नाव कुठं घेतलं होतं? कारखान्यात? का गावापुढं?"

संध्याकाळी ते शारंगधर बुवांच्या बिऱ्हाडी गेले. बुवा काढा पीत होते. चांगदेवांनी सगळं सांगितलं, आगीच्या दृष्टान्तासकट. बुवांनी पेला खाली ठेवला.

"गंजी जाळायची म्हणालो होतो मी," ते म्हणाले. "तुम्ही शेजारणीचं घर जाळलंत."

"देवाची माफी मागतो रोज."

"मागा की. देव काही तुमच्या आळीत राहत नाही, त्यामुळे सोपं जातं. सकाळी भेटत नाही, पाण्याला भेटत नाही." मग त्यांचा आवाज मऊ झाला. "उद्या काला फुटण्याआधी तुम्हाला उभं करतो. पण एक सांगू? हलकं वाटेल म्हणून येऊ नका. नाही वाटणार."

काल्याला गाव मावत नव्हतं. दह्याची हंडी वर टांगलेली, लेकरं खाली ताटकळत. अख्खा सप्ताह पखवाजाशेजारी असणारे बबनराव आज मंडपाच्या कडेला, निघायच्या बेतात उभे होते. बुवांनी निरूपण आवरतं घेतलं, टाळ थांबवले आणि म्हणाले, "चांगदेवांना काही सांगायचं आहे. हंडी थोडी थांबेल."

चांगदेव पुढं आले. लहानपणापासून ते या जागेवर एकाच रीतीनं उभे राहत आले होते. मूर्तीकडे तोंड, हात जोडलेले, डोळे मिटलेले. तसेच ते उभे राहिले आणि बोलू लागले. "देवा, माझ्याकडून अपराध झाला. गेल्या हंगामात मी कागदाआधी नळी कापली..." आवाज घोगरा होता. गाभाऱ्यात शिरून तो तिथंच राहत होता. पुढच्या दोन रांगांना थोडंफार ऐकू आलं असेल. बाकी गावाला त्यांची पाठ दिसत होती आणि डोळे मिटलेला म्हातारा काहीतरी प्रार्थना करतोय, असं वाटून बऱ्याच जणांनी भक्तिभावानं हात जोडले.

"मागं ऐकू येत नाही."

बायकांच्या बाजूनं आवाज आला. वैजयंता उभी राहिली होती.

चांगदेव थांबले.

"देवाला ठाऊक आहे, बाबा," ती म्हणाली. "तो उसात होता. आमच्याकडं तोंड करा."

मंडपात कुजबुज झाली आणि विरली. बुवांनी आपल्या गळ्यातला माईक काढून पुढं धरला. चांगदेवांनी जोडलेले हात सोडले. ते सावकाश वळले. समोर सगळे साठ वर्षांत ओळखीचे झालेले चेहरे होते, आणि सगळे त्यांच्याकडेच बघत होते. डोळे मिटावेसे वाटले, ते त्यांनी मिटले नाहीत. माईक घेतला आणि पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.